घुमट नसलेली मशीद: बांडुंगच्या कॅम्पसवरची ‘सलमान’

इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात एक नामांकित तंत्रज्ञान संस्था आहे. आयटीबी हे तिचं लघुनाव. तिच्या बोधचिन्हावर गणपती आहे. तिचं मुख्य प्रवेशद्वार ज्या रस्त्यावर उघडतं त्याचं नाव ‘जालान गणेशा’, म्हणजे आपल्या भाषेत गणेश रस्ता. आणि याच गणेश रस्त्यावर, सात नंबरच्या जागेत, या संस्थेच्या विद्यार्थ्यांची मशीद आहे. आपल्याला हे वाचताना गंमत वाटते. तिथे कुणाला त्यात विशेष वाटत नाही. जावा बेटावर कित्येक शतकं हिंदू आणि बौद्ध राज्यं नांदली, गणपती तिथे विद्येचं चिन्ह म्हणून रुळला, आणि पुढे मुस्लिम झालेल्या समाजाला तो पुसून टाकायची गरज भासली नाही.

मशिदीचं नाव मस्जिद सलमान. फोटो समोर ठेवला तर ही मशीद आहे हे चटकन ओळखू येत नाही. घुमट नाही, कमानींची नक्षीदार रांग नाही. एखाद्या कॉलेजचं सभागृह असावं तशी बसकी, आडवी इमारत. वर काँक्रीटचं सपाट छप्पर, त्याच्या कडा वळवून वर उचललेल्या. जरा बाजूला एक सडपातळ मिनार. तो नसता तर वाट चुकलेला पाहुणा आत शिरून ‘परीक्षा विभाग कुठे आहे?’ असं विचारून गेला असता.

घुमटच नाही तर मशीद कसली, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर शोधताना धर्मशास्त्रात थोडं आणि इमारतशास्त्रात बरंच शिरावं लागतं. मला ही इमारत आवडते ती याचसाठी. मशिदीला खरोखर काय लागतं आणि सवयीने आपण तिला काय काय चिकटवतो, हे ती वेगवेगळं करून दाखवते.

लागतं तरी काय?

फार थोडं. नमाजासाठी स्वच्छ जमीन हवी. मक्केतल्या काब्याची दिशा माहीत हवी. तिला किब्ला म्हणतात. सगळ्यांनी मिळून नमाज पढायचा तर इमामामागे सरळ रांगा धरता आल्या पाहिजेत. आधी हात, तोंड, पाय धुवायला म्हणजे वजू करायला पाण्याची सोय हवी. शुक्रवारी दुपारी खुतबा, म्हणजे प्रवचन, असतो. तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला पाहिजे. यादी इथे संपते. मूर्ती नाही, गाभारा नाही, प्रदक्षिणा नाही, म्हणून त्यांच्यासाठी लागणारी जागाही नाही.

पैगंबरांची मदिनेतली पहिली मशीद अशीच होती. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या बुंध्यांचे खांब, वर खजुराच्या झावळ्या. घुमट नव्हता आणि मिनारही नव्हता. किब्ल्याच्या भिंतीत कोरलेला कोनाडा, ज्याला मिहराब म्हणतात, तोसुद्धा पैगंबरांनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, आठव्या शतकाच्या सुरुवातीला उमय्या खलिफांच्या काळात आला. मिनारांचंही तेच. घुमट तर इस्लामच्या आधीपासून रोमन, बायझंटाइन आणि इराणी गवंड्यांच्या हातात होता. नवा धर्म त्या मुलखांत पोचला, तिथले कारागीर कामाला लागले आणि त्यांना जे उत्तम येत होतं ते त्यांनी बांधलं.

त्यामुळे मशीद जिथे गेली तिथली झाली. कोकणातल्या जुन्या मशिदी आठवा: उतरती कौलारू छपरं. तिथला पाऊस पाहता दुसरं काही शहाणपणाचं नव्हतंच. जावातही तसंच झालं. पंधराव्या शतकातली म्हणून सांगितली जाणारी डेमाकची मोठी मशीद पाहिली तर एकावर एक तीन मजली उतरतं छप्पर आणि ते तोलणारे मधोमध चार भले थोरले लाकडी खांब दिसतात. त्यांना ‘साका गुरू’ म्हणतात. कुदुस गावच्या मशिदीचा सोळाव्या शतकातला विटांचा मिनार तर जुन्या जावानी देवळासारखाच दिसतो. कांद्याच्या आकाराचे घुमट इंडोनेशियात रुजले ते बरेच उशिरा. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध मशीद म्हणजे बांदा आचेची बैतुर्रहमान. तिथली जुनी मशीद युद्धात जळाल्यावर लोकांचा राग शांत करण्यासाठी डच सरकारनेच १८७९ ते १८८१ या काळात ती नव्याने बांधून दिली, आणि नमुना म्हणून उचलला हिंदुस्थानातल्या मुघल इमारतींचा. आज जे ‘अस्सल इस्लामी’ म्हणून मिरवतं त्यात वसाहतीच्या इंजिनिअरांचा हात असा सापडतो.

घुमट का आला आणि का गेला

विटा-दगडांच्या बांधकामाचा एक स्वभाव असतो. दगडाला दाबलं तर तो वाटेल तितकं ओझं झेलतो; ताणलं तर तडकतो. सपाट छपराच्या तुळईत मात्र दाब आणि ताण दोन्ही येतात. पुस्तकांच्या ओझ्याने वाकलेली फळी पाहिली असेल तर तिचा वरचा भाग चेपला जातो आणि खालचा ताणला जातो, हे लक्षात येईल. दगडाची लांब तुळई ठेवली तर ती नेमकी खालून तडकते. म्हणून जुन्या दगडी इमारतींत खांब इतके जवळजवळ असतात. खांब नको असतील तर दगडात एकच वाट उरते: छपराला असा बाक द्यायचा की ओझं ताण न आणता, दाबाच्याच रूपात, वळत वळत खाली उतरेल. एका दिशेने बाक दिला की कमान, चहूबाजूंनी दिला की घुमट.

पण घुमट फुकट मिळत नाही. ओझं तिरकं खाली येतं, त्यामुळे घुमटाचा पाया बाहेर पसरू पाहतो. त्याला आवरायला जाड भिंती, बाजूचे टेकू किंवा गवंड्याची काहीतरी हिकमत लागते. विजापूरचा गोलघुमट पाहायला गेलेल्यांनी आत मान वर करून पाहिलं असेल: चौकोनी दालनातून वर येणाऱ्या कमानी एकमेकींना छेदतात आणि घुमटाच्या पायथ्याला आतल्या बाजूने धरतात. सुमारे ४४ मीटर बाहेरील व्यासाचा तो घुमट या हिकमतीवर आणि प्रचंड जाड भिंतींवर साडेतीनशेहून अधिक वर्षं टिकून आहे. तिथल्या सज्जात कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू येतं, टाळी वाजवली की अनेक प्रतिध्वनी येतात, आणि सहलीला आलेली पोरं त्यावर खूश असतात. तो मकबरा आहे, तिथे चालतं. प्रवचनाच्या जागी हाच गुण अंगाशी येतो. घुमटाचा आतला बाक आवाज एका जागी गोळा करतो आणि शब्दांवर शब्द चढतात. कुठे खुतबा दोनदा ऐकू येतो, कुठे धड एकदाही नाही.

विसाव्या शतकात लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट हाताशी आलं आणि हिशेबच बदलला. काँक्रीट दाब झेलतं, पोलाद ताण झेलतं. सपाट आणि तरीही लांब छप्पर शक्य झालं. म्हणजे ज्या अडचणीवर घुमट हा उपाय होता ती अडचणच उरली नाही. उरली ती सवय आणि ओळख. त्यांचं मोल कमी नाही. पण स्थापत्याचं कारण म्हणून ती पुढे करता येत नाहीत.

रांग मोडू नये म्हणून

आता खांबांकडे येऊ, कारण सलमान मशिदीचं खरं मर्म तिथे आहे.

नमाजाच्या रांगेला सफ म्हणतात. खांद्याला खांदा लावून, मध्ये फट न ठेवता, किब्ल्याला काटकोनात. एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी आणि पुढे-मागे सव्वा मीटरच्या आसपास जागा लागते. श्रीमंत-गरीब, प्राध्यापक-शिपाई, जो आधी येईल तो पुढे. पहिल्या रांगेचं पुण्य जास्त मानलं जातं, म्हणून मशिदीचं दालन खोल असण्यापेक्षा रुंद असलेलं बरं: पहिली रांग जितकी लांब तितके तिचे मानकरी जास्त.

या रांगेच्या मधोमध खांब आला की ती मोडते. खांबांच्या मधल्या जागेत रांग धरणं शक्यतो टाळावं, असं सांगणारी जुनी परंपरा आहे. गर्दीत लोक ते चालवून घेतात, पण मनापासून कुणाला आवडत नाही. जावातल्या जुन्या मशिदींत ते चार ‘गुरू’ खांब तर ऐन मध्यात.

सलमान मशिदीचे वास्तुशिल्पी अहमद नुमान हे पश्चिम जावातल्या गरुत गावचे. याच संस्थेत शिकलेले आणि पुढे इथेच शिकवायला लागलेले. त्यांनी प्रश्नच उलट्या बाजूने धरला. मशीद कशी दिसते हे बाजूला ठेवलं आणि नमाजाला काय सोयीचं आहे इथून सुरुवात केली. रांग अखंड हवी, म्हणून दालनात एकही खांब नको. खांब नको, म्हणून एका दमात पलीकडे पोचणारं छप्पर हवं. ते काँक्रीटने सपाट करता येतं, म्हणून घुमटाची गरज नाही. ज्या गोष्टी धर्माने ठरवून दिल्या आहेत त्या काटेकोर पाळायच्या. ज्या ठरवून दिलेल्या नाहीत त्यांत आपली अक्कल चालवायची. इस्लामी परंपरेत विचारपूर्वक स्वतः निष्कर्षाला येण्याला ‘इज्तिहाद’ म्हणतात, आणि डोळे मिटून मागच्याचं गिरवण्याला ‘तकलीद’. नुमानांनी हा जुना वाद चक्क छपरावर नेला.

खांब काढून टाकणं कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात किती महाग पडतं, ते एका हिशेबात कळेल. समजा पाच मीटर रुंद खोलीवर तुळई टाकली आहे. आता तीच रुंदी पंचवीस मीटर केली, म्हणजे पाचपट. तुळईच्या दर मीटरवर ओझं तेवढंच ठेवलं तरी तिला वाकवू पाहणारा जोर पाचपट होत नाही, पाचाचा वर्ग म्हणजे पंचवीसपट होतो. आणि तुळई तीच ठेवली तर मधोमध ती जितकी खाली झुकेल ते प्रमाण चौथ्या घातात जातं: सहाशे पंचवीसपट! म्हणून लांब तुळई खूप खोल करावी लागते. ती खोल केली की तिचं स्वतःचं वजन वाढतं. ते झेलायला ती आणखी दणकट करावी लागते. मोठ्या सभागृहांची छपरं इतकी जाडजूड का असतात, त्याचं कारण हे. सलमानच्या छपराचा तो रुंद, भारदस्त पट्टा पाहिला की एवढं ध्यानात ठेवावं: बाहेरून जो जडपणा दिसतो त्याच्या बदल्यात आतली मोकळीक मिळालेली आहे.

वर वळलेल्या कडांना लोक हात पसरून मागितलेल्या दुव्याची उपमा देतात. घुमट उलटा करून ठेवला आहे, असंही कुणी गमतीने म्हणतं. उपमा छान आहेत. पण पावसाच्या दृष्टीने पाहिलं तर सपाट छप्पर आणि वर उचललेल्या कडा ही जोडी सांभाळायला कटकटीची. पाणी साचू द्यायचं नाही, पन्हळी तुंबू द्यायच्या नाहीत, गिलावा वेळोवेळी बघायचा. पाण्याच्या बाबतीत जुनं उतरतं छप्परच सरस, यात मला शंका नाही. नुमानांनी छपराने गमावलेलं काही ओसऱ्यांनी भरून काढलं. दालनाच्या बाजूंनी छपराखाली मोकळ्या ओसऱ्या आहेत. तिरपा पाऊस आणि ऊन भिंतीपर्यंत पोचायच्या आत अडतं, वारा खेळता राहतो. बांडुंग समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, हवा तशी थंड. त्यामुळे एवढ्यावर भागतं.

दालनात पाऊल टाकलं की तळव्यांना गालिचा लागत नाही, लाकूड लागतं. फळ्यांची जमीन, अनवाणी पायांनी गुळगुळीत झालेली, आणि लोक थेट तिच्यावरच सजदा करतात. भिंतींवरही लाकडाचा उबदार वापर आहे. मागच्या बाजूला वर माळ्यासारखा एक मजला, तिथे स्त्रियांची जागा. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. उघडं काँक्रीट आणि लाकूड एवढ्यावर दालन सजलं आहे, आणि काँक्रीटचा रुक्षपणा लाकडाने बराच सावरला आहे.

राष्ट्राध्यक्षांनी ठेवलेलं नाव

ही संस्था डचांनी १९२० साली सुरू केली. ऑरी मॅक्लेन पाँट या डच वास्तुशिल्पीने तिच्या पहिल्या इमारती बांधल्या: इंडोनेशियातल्या लोकघरांवरून सुचलेली थरांची छपरं, आणि पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक घट्ट आवळून केलेल्या मोठ्या कमानी. संस्थेच्या पहिल्या काही पदवीधरांत एक तरुण होता सुकार्नो. त्याने १९२६ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे तो स्वतंत्र इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

संस्थेत मशीद नव्हती. १९६०च्या सुमारास विद्यार्थी आणि शिक्षकांनी मशिदीचा आग्रह धरला, आणि तोवर शुक्रवारचा नमाज मॅक्लेन पाँटच्या पश्चिम सभागृहात होऊ लागला. म्हणजे मशीद नसतानाही त्यांच्या डोक्यावर लाकडी कमानींचं सुरेख छप्पर होतं. तो काळ मोठा राजकीय खेचाखेचीचा. इंडोनेशियाचा कम्युनिस्ट पक्ष तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या कम्युनिस्ट पक्षांपैकी एक. असं सांगतात की मुस्लिम विद्यार्थ्यांना मशीद दिली तर उद्या कम्युनिस्ट विद्यार्थी इथे मॉस्कोसारखा लाल चौक मागतील, असं म्हणून त्या वेळच्या संस्थाप्रमुखांनी हात झटकले.

तेव्हा ही मंडळी थेट वर गेली. १९६४ साली शिष्टमंडळ सुकार्नोंना भेटलं, सोबत नुमानांचा आराखडा. सुकार्नो स्वतः इंजिनिअर, बांडुंगचेच, आणि इमारतींचा दांडगा शौक. त्याच काळात जकार्तात त्यांच्या आशीर्वादाने इस्तिकलाल ही राष्ट्रीय मशीद उभी राहत होती, ४५ मीटर व्यासाच्या घुमटासकट. ४५ हा आकडा १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेची आठवण म्हणून. तिचे वास्तुशिल्पी फ्रेडरिक सिलाबान धर्माने ख्रिस्ती होते, हेही सांगून ठेवतो. एवढा घुमटप्रेमी माणूस बिनघुमटाच्या आराखड्याला नाक मुरडेल अशी भीती वाटली असती तर नवल नव्हतं. सुकार्नोंनी तो मान्य केला आणि मशिदीला नावही दिलं: सलमान.

हे नाव पैगंबरांचे इराणी सहकारी सलमान फारसी यांचं. इ.स. ६२७ मध्ये मदिनेवर चाल झाली तेव्हा शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणायची सूचना त्यांची. अरबांना ही युक्ती परकी होती; इराणात ती चालत असे. शत्रूचं घोडदळ खंदकापाशी अडलं आणि शहर वाचलं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मशिदीला याहून चपखल नाव सापडणं कठीण. बाहेरची विद्या घेऊन घरचा प्रश्न सोडवणारा माणूस!

एवढं होऊनही काम रखडत चाललं. पैसा देणग्यांचा, मध्ये १९६५ची राजकीय उलथापालथ, सुकार्नोंची गच्छंती. पूर्ण झालेल्या मशिदीत पहिला जुम्म्याचा नमाज झाला तो मे १९७२ मध्ये.

दिशेचं गणित

आता किब्ल्याबद्दल, कारण इथे शिकलेली माणसंही गोंधळतात. ‘मक्का पश्चिमेला’ असं इंडोनेशियात पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलं. पण बांडुंग विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ सात अंशांवर आहे आणि मक्का उत्तरेला एकवीस अंशांवर. बांडुंगहून मक्केची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे पंचवीस अंश सरकलेली येते. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१० मध्ये आधी ‘पश्चिम’ असा फतवा काढला आणि त्याच वर्षी तो दुरुस्त करून ‘वायव्य’ केला. कुणी चुकीच्या दिशेने पढलेले नमाज बाद झाले नाहीत. प्रामाणिकपणे शोधलेली दिशा ग्राह्य धरतात.

ही दिशा सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही. पृथ्वी गोल, म्हणून दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट गोलावरून काढावी लागते. न्यूयॉर्कचं उदाहरण डोळे उघडणारं आहे: नकाशावर मक्का तिथून आग्नेयेला दिसते, पण गोलावरची जवळची वाट ईशान्येकडे निघते. अमेरिकेतल्या मशिदींत यावरून बराच काथ्याकूट झाला आहे.

गणित नको असेल तर सूर्याला विचारावं. दर वर्षी २८ मे आणि १६ जुलैच्या आसपास, दोन वेळा, भर दुपारी सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. बांडुंगमध्ये तेव्हा दुपारचे सव्वाचार वाजून गेलेले असतात. भारतात मे महिन्यातली ही वेळ दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास येते. ओळंब्याची दोरी टांगायची, सावली पडते तिच्या बरोबर उलट दिशा घ्यायची. होकायंत्राची सुई जवळच्या लोखंडाने बिघडते, सूर्य बिघडत नाही. काँक्रीटच्या, म्हणजे आत लोखंडच लोखंड असलेल्या इमारतीत ही सोय फार कामाची.

कॅम्पसमध्येच या दिशेचा त्रास का होतो, तर विद्यापीठाचा आराखडा सहसा काटकोनात आखलेला असतो. आयटीबीचा मुख्य आस उत्तरेला तांगकुबान पेराहू या ज्वालामुखीच्या रोखाने धरलेला आहे. डोंगर एकीकडे, मक्का दुसरीकडे. अशा ठिकाणी वास्तुशिल्पीला ठरवावं लागतं: आख्खी इमारत मक्केकडे वळवायची आणि रस्त्याशी तिरकी उभी करायची, की इमारत रस्त्याला समांतर ठेवून आतल्या रांगा तिरक्या धरायच्या. पहिल्यात बाहेरचे कोपरे वाया जातात, दुसऱ्यात आतले. इराणातल्या इस्फहान शहराच्या जुन्या उस्तादांनी चौकात मशिदीचा दरवाजा सरळ ठेवला आणि आत जाणारी बोळच वळवून प्रश्न सोडवला. त्यांना चौकही हवा होता आणि किब्लाही.

ओसरीवरचं राजकारण

सलमान मशिदीचा इंडोनेशियावर ठसा उमटला त्यात छपराइतकाच ओसऱ्यांचा वाटा आहे. मोकळं दालन आणि सावलीच्या ओसऱ्या असल्या की माणसं नमाजानंतरही रेंगाळतात. इथे अभ्यासमंडळं बसू लागली, शिबिरं होऊ लागली. संस्थेतले विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षक इमादुद्दीन अब्दुलरहीम यांनी १९७४ पासून विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण शिबिरं घेतली आणि वेगवेगळ्या विद्यापीठांतली मुलं ती करून आपापल्या गावी परतली. १९७८ मध्ये, सुकार्नोंनंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोंच्या सरकारने त्यांना अटक केली. खटला न चालवता वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवलं. त्याच वर्षी सरकारने विद्यार्थी संघटनांच्या राजकारणावर बंदीवजा निर्बंध घातले. परिणाम उलटाच झाला. सभा घ्यायला जागा राहिली नाही, नमाजाला मात्र कुणी अडवू शकत नव्हतं, तेव्हा विद्यार्थी मशिदींकडे वळले. ऐंशीच्या दशकात देशभरच्या विद्यापीठांत मशीद ही चर्चेची हक्काची जागा झाली. या चळवळीतून पुढे नाना छटा निघाल्या, सौम्य आणि कडव्याही. त्या सगळ्यांचं पाप किंवा पुण्य एका इमारतीच्या माथी मारता येणार नाही.

सरकारनेही मशिदी बांधल्या. सुहार्तोंनी १९८२ मध्ये काढलेल्या एका प्रतिष्ठानाने ९९९ मशिदी उभ्या केल्या, बहुतेक एकाच ठरावीक नमुन्याच्या: डेमाकसारखं तीन थरांचं जावानी छप्पर. जावाबाहेरच्या बेटांवरही तेच. नुमानांचा मार्ग याच्या बरोबर विरुद्ध होता. प्रत्येक ठिकाणी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवायचा, हा त्यांचा हट्ट.

पण ते घुमटाचे वैरी होते असं समजू नये. नव्वदच्या दशकात जकार्तात सुहार्तोंच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ अत-तीन मशीद बांधायची ठरली, तेव्हा तिचा आराखडा नुमानांनीच केला आणि तिला टोकदार, डौलदार घुमट आहे. मालकाला घुमट हवा होता, धर्माची आडकाठी नव्हती, मग त्यांनी तो नीट बांधला. माझ्या लेखी अत-तीन सुबक आहे. पण विचारांची धार सलमानमध्ये जास्त. २०१६ मध्ये नुमान गेले.

नव्वदच्याच दशकात सुलावेसी बेटावरच्या मकासर शहरात, हसनुद्दीन विद्यापीठाचा जुना कॅम्पस जिथे होता त्या जागेवर, त्यांनी अल-मरकज अल-इस्लामी ही भलीमोठी मशीद बांधली. तिथे ना सलमानचं सपाट छप्पर नेलं, ना अत-तीनसारखा घुमट. मकासरकडची घरं उंच, तीव्र उताराच्या छपरांची. जवळच्या कातांग्का गावच्या जुन्या मशिदीचं छप्परही उतरतं. नुमानांनी तो उतार उचलला आणि मोठ्या मापात बांधला.